यमाच्या बहिणीचं काय

दिवाळीच्या सुट्ट्या संपून सरकारी ऑफिसं उघडली त्या आठवड्यातली गोष्ट. एका जुन्या खरेदीखताच्या इंडेक्स टूची, म्हणजे नोंदणीच्या उताऱ्याची, नक्कल काढायला सोलापूरच्या रजिस्ट्री ऑफिसात गेले होते. व्हरांड्यात नेहमीची गर्दी, टायपिंगवाले, झेरॉक्सवाला, स्टॅम्पवाले, आणि तिथं कायम एक वास असतो, जुन्या कागदांचा आणि शाईच्या पॅडचा. माझ्या पुढं एक कुटुंब उभं होतं, चौघी बहिणी आणि एक भाऊ. शहराच्या पूर्व भागातले, तिकडच्या तेलुगू वस्तीतले असणार, आपापसात तेलुगू बोलत होते आणि ऑपरेटरशी मराठी. चौघींच्या अंगावर कोऱ्या साड्या, घडीच्या रेषा अजून मोडल्या नव्हत्या, आणि दिवाळी होऊन आठवडा व्हायच्या आत चार बहिणी एकदम कोऱ्या साडीत दिसल्या की कुणालाही कळतं ही भाऊबीजेची ओवाळणी म्हणून. काम हक्कसोडपत्राचं होतं. वडिलांच्या घरावरचा हक्क चौघी भावाच्या नावे सोडत होत्या.

तिघींचे अंगठे पटापट झाले. सगळ्यात थोरल्या अक्कांचा काही केल्या लागेना. मशीनच्या काचेवर अंगठा ठेवला की स्क्रीनवर नुसता पांढुरका डाग यायचा, रेषाच नाहीत. ऑपरेटर पोरगा चांगला होता, वैतागला नाही, म्हणाला, मावशी विड्या वळता काय? अक्का म्हणाल्या, व्हय, लहानपणापासनं. मग भावानं खिशातला रुमाल काढला, त्यांचा अंगठा हातात धरला आणि नीट पुसला, लहान लेकराचं नाक पुसावं तितक्या हळू. तरी लागेना. मागून कुणीतरी म्हणालं, डोक्याला घासा, तेल लागलं की घेतंय मशीन. अक्कांनी अंगठा कपाळावरून केसांत फिरवला आणि परत काचेवर ठेवला तर कपाळाचं कुंकू काचेला लागलं. पोरानं फडक्यानं काच पुसली. परत अंगठा, परत डाग. आणि भाऊ मधेच त्या पोराला सांगत होता, "अक्काच्या विड्यांवर शिकलो सर मी, बारावीपर्यंतची फी हिनं भरली", आणि हे सांगताना त्याच्या आवाजात काही लपवायचं नव्हतं, अभिमान होता. शेवटी एकदाचा मशीननं अंगठा घेतला, फोटो निघाला, आणि अख्ख्या रांगेनं सुटकेचा निःश्वास टाकला. मीसुद्धा टाकला.

पण सुटका नेमकी कुणाची झाली?

नंतर ते पाचही जण बाहेरच्या टपरीवर चहा घेत होते. भाऊ बशीत ओतून अक्कांना चहा देत होता. त्या काहीतरी बोलल्या आणि सगळे हसले. मी नक्कल घेऊन घरी आले, स्वयंपाक केला, जेवले, पण डोळ्यापुढून तो गुळगुळीत झालेला अंगठा जाईना. त्या भावाला मी वाईट म्हणूच शकत नाही. त्यानं रुमालानं पुसलेला अंगठा मी बघितलाय. बहिणीवर जीव असल्याशिवाय माणूस असं करत नाही. आणि तरी त्याच अंगठ्यानं पानं कापून, तंबाखू भरून, विडीचं तोंड दाबून दाबून जे मिळवलं त्यावर तो शिकला, आणि त्याच अंगठ्यानं शेवटी घरावरचं नावही त्याला देऊन टाकलं. बदल्यात साडी आली. पाचशे रुपयांच्या स्टॅम्पवर होतं हे काम, साडी त्याहून महागाची असेल.

कायदा सगळ्यांना तोंडपाठ असतो आजकाल. महाराष्ट्रात 22 जून 1994 पासून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच वाटा आला, देशभर 9 सप्टेंबर 2005 पासून, आणि वडील त्या तारखेला हयात असायलाच हवेत असं काही नाही हे सुप्रीम कोर्टानं 11 ऑगस्ट 2020 ला स्पष्ट केलं. म्हणजे कागदावर सगळं झालंय. पण तिन्ही तारखांच्या नंतर रजिस्ट्री ऑफिसातली हक्कसोडाची रांग कमी झाली असं मला तरी दिसत नाही, आणि दिवाळीनंतर तर ती वाढतेच, कारण बहिणी माहेरी आलेल्या असतात, सगळ्या एका जागी सापडतात, पुन्हा कधी जमणार.

त्या रात्री मी भाऊबीजेचाच विचार करत पडले होते. लहानपणापासून ऐकत आलोय की भाऊ बहिणीचं रक्षण करतो, म्हणून राखी, म्हणून भाऊबीज. शाळेत निबंधही तसाच लिहायचो. पण मूळ गोष्ट आठवून बघा की. यम आणि यमुना, सूर्याची जुळी पोरं. यम आपल्या कामात, त्याला कोण घरी बोलावणार, त्याचं नाव काढलं तरी लोक दार लावून घेतात. बहीण मात्र सारखी निरोप पाठवते, ये की एकदा. शेवटी कार्तिकातल्या शुद्ध द्वितीयेला तो येतो. ती त्याला न्हाऊ घालते, ओवाळते, समोर बसवून जेवू घालते. तो खूश होऊन म्हणतो वर माग. तर ती स्वतःसाठी काय मागते? काही नाही. ती म्हणते दरवर्षी या दिवशी ये, आणि आजच्या दिवशी जो भाऊ बहिणीच्या हातचं जेवेल त्याला तुझं भय नको. यात रक्षण कोण कुणाचं करतंय सांगा. सगळ्या जगातल्या भावांना मरणापासून सोडवून घेतलंय तिनं एका जेवणावर. भाऊबीजेला घरी जेवायचं नाही, बहिणीकडंच जेवायचं असं जुनी माणसं सांगतात ते यासाठीच. निरांजन भावाच्या तोंडाभोवती फिरतं ते त्याच्या आयुष्यासाठी फिरतं. बहिणीला कुणी ओवाळत नाही.

राखीचंही तसंच. आपल्याकडं श्रावणी पौर्णिमा म्हणजे मुळात जानवं बदलायचा दिवस, कोकणात समुद्राला नारळ, आणि भटजी यजमानाच्या मनगटावर दोरा बांधायचे. तो मंत्र बऱ्याच जणांना माहितीय, येन बद्धो बली राजा दानवेन्द्रो महाबलः. भविष्यपुराणातल्या गोष्टीत तर इंद्राला युद्धाला जाताना शची दोरा बांधते, म्हणजे बायको नवऱ्याला. ज्याच्या मनगटावर दोरा, त्याचं रक्षण, इतकं सरळ आहे ते. बहीण बांधती झाली तेव्हाही दोरा भावाच्याच हातात राहिला. 1905 मध्ये वंगभंगाच्या वेळी 16 ऑक्टोबरला रवींद्रनाथांनी हिंदू-मुसलमानांना एकमेकांच्या हातात राख्या बांधायला लावल्या ती राखी मला सगळ्यात आवडते, कारण त्यात दोन्ही मनगटांना दोरा होता.

आणि एक गंमत बघा, त्या मंत्रात बळीराजाला बांधल्याची आठवण आहे, आणि आमची आई भाऊबीजेला मामाला ओवाळताना म्हणायची, इडापिडा टळो, बळीचं राज्य येवो. एक सण बळीला बांधतो, दुसऱ्यात बाया त्याला परत बोलावतात. मला दुसऱ्या बाजूच्या बाया माझ्या वाटतात.

सोलापुरात राखी पौर्णिमेला आणखी एक गोष्ट होते जी बाहेरच्या लोकांना माहीत नसते. त्या दिवशी मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो. पद्मशाली हा तेलुगू विणकरांचा समाज स्वतःला मार्कंडेयांच्या कुळातला मानतो, सिद्धेश्वर पेठेतल्या मंदिरातून रथ बाहेर पडतो आणि सगळं शहर त्या दिवशी रस्त्यावर येतं. सकाळी पुरुष नवं जानवं घालतात, मग मिरवणूक, लेझीम, ढोल, तेलुगू गाणी, आणि गाडीवर हातमाग चढवलेला असतो, चालत्या गाडीवर धोटा इकडून तिकडं पळतोय आणि वस्त्र विणलं जातंय. मी लहान असताना साखर पेठेतल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभी राहून तो माग बघायचे. बाकी गर्दीचा एवढा दंगा, पण विणणाऱ्याचं लक्ष फक्त धाग्यावर, गाडी खड्ड्यात गेली की तो पाय जरा रोवायचा आणि परत चालू. हातात राखीचा गोंडा, कपाळाला गुलाल, घामानं तो खाली ओघळलेला. शेजारच्या अक्का आम्हा मराठी पोरींना घरात बोलावून गोड द्यायच्या आणि त्यांच्या पोरांना आम्ही राख्या बांधायचो, मधला मारुतीच्या बाजारातून आणलेल्या, स्पंजच्या मोठ्या फुलाच्या राख्या तेव्हा, आता मिळत नाहीत.

मार्कंडेयांची गोष्ट काय आहे तर सोळाव्या वर्षी मरण लिहिलेला मुलगा, यम पाश घेऊन आला तेव्हा त्यानं शंकराच्या पिंडीला मिठी मारली आणि यमाला मागं फिरावं लागलं. म्हणजे बघा की, आमच्या गावात राखीच्या दिवशी यमाला परतवून लावणाऱ्याचा रथ फिरतो आणि त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी भाऊबीजेला तोच यम बहिणीच्या घरी पाटावर बसून जेवतो. दोन्ही सणांच्या पोटात एकच भीती आहे. आपलं माणूस जाऊ नये. पूर्वी पटकी, प्लेग, साप, बाळंतपणं, एका घरातली किती पोरं जगतील याचा भरवसा नव्हता, तेव्हा ही भीती किती खरी असेल. नागपंचमीच्या आदल्या दिवशी बाया भावासाठी उपास धरतात त्याच्याही मागं सत्येश्वरीची गोष्ट आहे, भाऊ गेला म्हणून जिनं अन्न सोडलं आणि मग नागातच तिला भाऊ दिसला. आमच्या जिल्ह्यात, आणि खाली कर्नाटकात तर जास्तच, पंचमी हाच खरा लेकीबाळींचा सण. भाऊ न्यायला येणार, झोके बांधणार, लाडू होणार. राखीचं एवढं प्रस्थ नंतर वाढलं. खेड्यातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा, त्यांच्या तोंडून पंचमी आणि भाऊबीज ही दोनच नावं येतील.

मामा मंगळवेढ्याकडचा. काळं रान, पाऊस बेताचा, मालदांडी ज्वारी. भाऊबीजेला तो सकाळच्या एसटीनं यायचा, धोतर, टोपी, हातात कापडी पिशवी आणि पायताणावर रानातली वाळलेली माती तशीच. आई पहाटेपासून उभी असायची. पाट मांडायचा, त्याभोवती रांगोळी, तबकात निरांजन, सुपारी, अक्षता आणि तिची स्वतःची सोन्याची अंगठी. मामा आल्यावर आधी अंघोळ, तिनं स्वतः त्याच्या पाठीला उटणं लावायचं, पन्नाशीचा माणूस पण तिच्यापुढं निमूट बसायचा. मग ती कुंकू लावायची, सुपारी आणि अंगठी त्याच्या तोंडाभोवती फिरवायची, अगदी सावकाश, आणि त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर जे असायचं ते मला तेव्हा कळायचं नाही, एवढ्या आनंदाच्या दिवशी आईच्या कपाळाला आठी का म्हणून बघत राहायचे. ओवाळणीत मामा साडी टाकायचा, कधी पैसे. जेवताना पेरणीचं बोलणं निघायचं, परतीचा पाऊस झाला का, ओल कुठवर आहे, कुठल्या पट्टीत उगवण चांगली. जाताना आई शेंगा चटणी आणि कडक भाकऱ्या बांधून द्यायची. आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी, सुगी झाली की ज्वारीचं पोतं यायचं. वर्षाला एक. कधी चुकलं नाही.

आईनं रानावरचा हक्क सोडला होता. मामाला विहिरीसाठी सोसायटीचं कर्ज हवं होतं आणि सातबाऱ्यावर बहिणीचं नाव असलं की प्रत्येक वेळी तिची सही लागायची, तर कुणीतरी सुचवलं असणार. मी मोठी झाल्यावर तिला विचारलं होतं, का सोडलंस? ती भाकरी थापत होती, हात थांबवला नाही तिनं. म्हणाली, रान घेऊन मी काय करू, मी का तिथं कसायला जाणार आहे, पण मी वाटणी मागितली असती तर त्या घराचं दार माझ्यासाठी उघडलं असतं का ग? मला अजूनही वाटतं हक्कसोडपत्र वाचायचं तर असं वाचायला पाहिजे. त्यात लिहिलेलं असतं की मी स्वखुशीनं, कोणत्याही दबावाशिवाय. दबाव नसतोच. कुणी हात पिरगाळत नाही. फक्त माहेरचं दार असतं, ते उघडं ठेवायची किंमत असते, आणि ती किंमत भावाला कधी द्यावी लागत नाही कारण तो दाराच्या आत जन्मलेला असतो.

मामा गेला तो श्रावणात. आईला पहिले कितीतरी महिने कुणीही भेटायला आलं की ती असंच सांगायची, आत्ताच गेला बघा, चांगला बोलत होता. आम्हाला काळजी वाटायची, दिवस जाताहेत आणि हिच्यासाठी ते जातच नाहीत. पुढं खूप वर्षांनी वाचनात आलं की यजुर्वेदाच्या मैत्रायणी संहितेत यमीची एक छोटी गोष्ट आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या यम-यमी संवादाबद्दल लोक बोलतात, ही मात्र फारशी कुणी सांगत नाही. यम मेला. माणसांतला मरणारा पहिला तोच. देव यमीची समजूत घालायला गेले, तिला विसरायला लावायला गेले. तर विचारावं तेव्हा ती एकच म्हणायची, आज मेला. तेव्हा नुसता दिवसच होता, रात्र नव्हती. म्हणून तिचं आज काही संपेना. मग देव म्हणाले अशानं ही कधीच विसरायची नाही, आपण रात्र निर्माण करू. रात्र झाली, तिच्यानंतर उद्या आला, आणि मग कुठं तिला विसर पडला. मी ते वाचलं आणि पुस्तक मिटून बसले. जगातली रात्र कशासाठी झाली तर एका बहिणीचं दुःख उतरावं म्हणून. आपण भाऊबीजेला यमाला मिळालेल्या जेवणाची गोष्ट सांगतो, वराची सांगतो, आणि जिच्यासाठी दिवसाचे दोन तुकडे करावे लागले तिला मागल्या दारानं बाहेर ठेवतो.

मामाच्या पाठोपाठच्या भाऊबीजेला आईनं पाट काढलाच नाही. आम्ही कुणी काही बोललो नाही. दादाला मी ओवाळलं, जेवणं झाली. संध्याकाळी शेजारच्या अक्का आल्या आणि आईला म्हणाल्या, चला वर, चांदोबा दिसायला लागलाय. ज्यांना भाऊ नाही त्या बायका बीजेच्या चंद्राला ओवाळतात हे आईला माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि आपण त्या बायकांत जाऊन उभं राहणं वेगळं. ती जरा वेळ तशीच बसली, मग उठून तबक घेतलं. माळवदावर गेलो. बीजेचा चंद्र फार वेळ थांबत नाही, सूर्य मावळला की थोड्याच वेळात तोही पश्चिमेला खाली जायला लागतो, आणि कोर इतकी बारीक की आधी दिसतच नाही, कुणीतरी बोट करून दाखवावी लागते, ते बघा, त्या टाकीच्या वर, पिंपळाच्या डावीकडं. वाऱ्यानं निरांजन विझायला लागलं तर अक्कांनी पदराचा आडोसा धरला. आईनं आकाशाकडं तीनदा ओवाळलं, अक्षता टाकल्या आणि म्हणाली, इडापिडा टळो. पुढचं बळीचं राज्य ती बोलली नाही. पोरांचा चांदोमामा हा आईचा भाऊ असतो हे मी लहानपणी गाण्यात म्हटलेलं, त्या माळवदावर मला ते पहिल्यांदा खरं वाटलं.

ज्वारीचं पोतं पुढं एक-दोन वर्षं आलं. मग थांबलं. मामाची पोरं वाईट नाहीत, लग्नकार्यात बोलावतात, वाकून नमस्कार करतात, फक्त आत्यानं कधीतरी काहीतरी दिलं होतं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही, आणि सातबाऱ्यावर कमी झालेल्या नावावरची रेघ बघून कुणाला गोष्ट कळत नाही.

आता सण बदललाय म्हणतात, बदललाय खरा. राखी कुरियरनं जाते, भाऊबीजेला बंगळूरचा भाऊ व्हिडिओ कॉलवर कपाळ पुढं करतो, ओवाळणी फोनपेला येते, संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे स्टेटस लागतात. मला याचं काही वाईट वाटत नाही, माझा भाचा परदेशात असताना त्याच्या बहिणीनं मोबाईलच्या स्क्रीनला कुंकू लावलं होतं आणि तिचे डोळे भरून आलेले मी बघितलेत, ते डोळे काही स्क्रीन आहे म्हणून खोटे नव्हते. सरकारही यात उतरलंय. अंगणवाडीच्या ताईंना दिवाळीत मिळते त्या रकमेचं नाव भाऊबीज भेट, 2024 मध्ये लाडकी बहीण आली, महिन्याला 1500, आणि पहिले हप्ते राखीच्या तोंडावर खात्यात जमा झाले. आमच्या कामवाल्या मावशींनी त्यातून पोरीला सायकल घेतली, मला आनंदच झाला. पण एक खटकतं. घरातला भाऊ असो नाहीतर सरकार, देणारा तो आणि घेणारी ती, हेच चित्र पुन्हा पुन्हा काढलं जातं. अक्कांनी भरलेली फी या चित्रात कुठं बसते? मिल बंद पडल्यावर पूर्व भागातल्या किती घरांत पुरुष रिकामे बसले आणि चुली विड्यांच्या सुपावर पेटत राहिल्या हे सोलापूरकराला सांगायला लागत नाही. त्या घरांतल्या मोठ्या बहिणींनी भावांना शिकवलं, त्यांची लग्नं लावली, हजार विड्यांमागं मिळणाऱ्या मजुरीतून. शहराजवळच्या कुंभारीला विडी कामगार बायकांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली, 10 हजार घरांची, बायकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढून मिळवलेली. मी तिथं गेलेय. दारावर बाईचं नाव असलेलं घर तिथं गल्लीगल्लीत दिसतं, आणि ते नाव वाचताना खूप बरं वाटतं, का ते सांगता येत नाही पण वाटतं.

त्या अक्कांना मी रांगेत काही बोलले नाही. काय बोलणार होते, सही करू नका? त्यांचा भाऊ त्यांचा जीव आहे, माझ्यासारख्या तिसऱ्या बाईनं मधे पडून त्यांचं दार बंद करायचं का? शिवाय त्यांना कळत नव्हतं असंही नाही. अंगठा लागत नव्हता तेव्हा त्या एकदा हसून म्हणाल्या होत्या, मशीनला बी नको वाटतंय. भाऊ त्यावर काही बोलला नाही, त्यानं रुमालाची घडी बदलली आणि परत पुसायला लागला.

मला स्वतःच्या घरापुरतं मात्र बोलता येत होतं. वडील, आमचे अण्णा, गेल्यापासून साखर पेठेतल्या घराच्या प्रॉपर्टी कार्डावर वारस लागायचे राहिले होते, आणि दादा या दिवाळीत सहज म्हणाला होता, तुझी एक सही लागेल ग, वकील सांगतील तशी. सहजच म्हणाला होता, जसं मामाला कुणीतरी सहज सुचवलं असेल. मी तेव्हा हो म्हणाले नाही आणि नाही पण म्हणाले नाही, करंज्या डब्यात भरत होते, तो विषय तिथंच राहिला. रजिस्ट्रीतून आल्यावर चार रात्री गेल्या आणि मी त्याला फोन लावला. म्हटलं दादा, वारस लावू या, पण माझं नाव राहू दे. विकायचं नाही मला, भाडं नको, त्या घरात तू राहतोस तसाच राहा, वहिनीचं आहे ते घर, पण अण्णांच्या खाली तुझं नाव आणि तुझ्या शेजारी माझं असू दे. फोनवर तो बराच वेळ गप्प. मला आईचं ते दार आठवत होतं आणि पोटात गोळा आला होता, खोटं कशाला सांगू. मग तो म्हणाला, तुला काय वाटलं, मी तुझ्याशी बोलायचं बंद करीन? मी म्हटलं, होय, तसंच वाटलं. तो म्हणाला, लहानपणी मला टायफॉइड झाला तेव्हा तू शाळा बुडवून माझ्या उशाला बसली होतीस, आठवतं का? मला आठवत नव्हतं. त्याला आठवत होतं.

शेवटी म्हणाला, बरं, नाव लावू तुझं. पण मग घरपट्टी अर्धी तू भरायची, आणि पावसाळ्याआधी माळवद गळतंय त्याचा खर्चही निम्मा. मी म्हटलं, भरते. त्याच आठवड्यात माझ्या वाटणीची पट्टी भरली आणि पावतीचा फोटो त्याला पाठवला, आणि आता माळवदाचं काम करायला कोण गवंडी बघायचा यावरून आमचं रोज फोनवर वाजतंय.